उसनं घर

वरवट बकाल,
रविवार, दुपार

प्रिय समता,

सप्रेम जयभीम. पाकिटावर माझं अक्षर पाहून तू आधी घाबरली असशील, म्हणून पहिल्यांदा हेच सांगते की घरी सगळे धडधाकट आहेत. आजीचा गुडघा तेवढा कुरकुरतो, पण गुडघ्यापेक्षा तीच जास्त कुरकुरते. फोन हातात असताना आत्याला पत्र लिहायची हौस कुठून आली, असं तुला वाटेल. आपल्या गल्लीत रेंज कशी आहे ते तुला ठाऊक आहे, ऐन बोलण्यात आवाज तुटतो, म्हणून लिहायला बसले असं तूर्त समज. खरं कारण वेगळं आहे, ते शेवटी येईल. मधली पानं गाळून शेवट वाचायची तुझी खोड मला माहीत आहे. या वेळी तसं करू नकोस.

माझा स्वभाव तुला नवा नाही. एसटीत कंडक्टर झाल्यापासून माझा माणसांवरचा विश्वास आगारातच जमा आहे, असं तुझा बाप म्हणतो. म्हणू दे. मिसरूड फुटलेल्या पोराला मांडीवर घेऊन अर्धं तिकीट मागणारी आई मी रोज बघते. पंचाहत्तरी झाली म्हणून फुकट बसणारा आणि आधार कार्ड मागितलं की ते नेमकं घरी विसरलेला म्हातारा बघते. बायकांना निम्मं तिकीट झालं तेव्हा आपल्या शेजारच्या सिंधूताईनं नवऱ्याचंही निम्मंच घे म्हणून शेगावपर्यंत हुज्जत घातली होती, तू गाडीतच होतीस. पण या सगळ्यांच्या आधी मी ओळखते तो तिकीट न काढलेला प्रवासी. तो झोपेचं सोंग घेत नाही, ते नवशिक्यांचं काम. मुरलेला माणूस खिडकीबाहेर बघतो. मी जवळ आले की त्याला बाहेरच्या कपाशीची एकदम फार गोडी वाटायला लागते.

तर तुझ्या त्या मदतीच्या अर्जाचं. गेले कितीतरी दिवस माझ्या डोक्यात दुसरं काही नाही. नागपूरला तुझा नंबर लागला तेव्हा आजी पाण्याच्या टाकीपाशी उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, 'आमची पोट्टी ढोराची डाक्टर होऊन राह्यली.' कॉलेजची फी सरकारी शिष्यवृत्तीतून जाणार, एवढ्यावर आपण सगळे नाचलो. मग सरकारी वसतिगृहाच्या यादीत तुझं नाव लागलं नाही आणि खोली, मेस, पुस्तकं, पांढरा कोट, गमबूट असं एकेक बाहेर यायला लागलं. तुझा बाप लोकांच्या घरांना गिलावा करतो आणि आपल्या घराच्या भिंती अजून उघड्या विटांच्या आहेत. तुझी आई दुसऱ्याच्या शेतात निंदायला जाते. माझ्या पगारात हे घर आणि तुझं नागपूर दोन्ही मावत नाही. म्हणून आपण मदत शोधायला निघालो. राजकुमारच्या ऑनलाइन सेवा केंद्रात आपण दोघींनी किती खेटे घातले ते आठव. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, आधारला जोडलेलं बँक खातं. एक कागद चढला की दुसरा अडकायचा, आणि ओटीपी यायचा तो तुझ्या बापाच्या फोनवर, जो त्या वेळी कुठल्यातरी स्लॅबवर सिमेंटच्या रिकाम्या पोत्याखाली ठेवलेला असायचा.

मुंबईच्या त्या संस्थेचं नाव राजकुमारनंच काढलं. शिक्षण पूर्ण होईपर्यंत राहण्याखाण्याचा सगळा खर्च देतात, परत काही मागत नाहीत, असं तो म्हणाला आणि माझ्या कानात घंटा वाजली. मुंबईच्या माणसांना वरवट बकालच्या पोरीचा एवढा कळवळा काऊन? मी त्याच्या दुकानातच तुला म्हणाले की फुकटात कोणी कोणाला काही देत नाही, नीट बघ, खाली बारीक अक्षरात काहीतरी असेलच. तू कागद जुळवत राहिलीस. फॉर्ममध्ये घरात कमावणारे किती असं विचारलं होतं, तिथं माझा पगार लिहायचा की नाही यावरून आमचं वाजलं. राजकुमार म्हणे, 'आत्या कायले लिहिता? आत्या म्हंजे घरातली थोडीच मोजतेत.' मी म्हटलं, मी त्याच चुलीवरचं खाते, तर मोज. खोटं लिहून मिळवायचं आणि मग कोणीतरी येऊन पकडायचं, हे माझ्यानं सहन होणार नाही. मी दिवसभर तेच तर करते.

ते फुकटाचं वाक्य माझ्या तोंडात कायमचंच आहे, तुला त्याची सवय झाली असेल. तू पहिलीत असशील तेव्हा. माझी नोकरी नवी होती आणि सुट्टीत तुला मी गाडीत बसवून शेगावला न्यायची. एकदा शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईनं तुला पेरू दिला. मी तिकिटं काढून मागं येईपर्यंत तू त्याला दात लावला होतास. मी तुला तेच ऐकवलं, फुकटात कोणी कोणाला काही देत नाही, परत दे. आणि तू गुमान उठून तो दात लावलेला पेरू त्या बाईच्या मांडीवर नेऊन ठेवलास. बाई हसली, मी हसले, आजूबाजूचे सगळे हसले. तू हसली नव्हतीस. का कोण जाणे, या महिन्यात मला तो पेरू सारखा आठवतोय.

पुढचं तुला माहीत आहे, तरी ओळीनं सांगते. संस्थेनं अर्ज ठेवून घेतला आणि घर बघायला माणूस पाठवतो म्हणून कळवलं. तो आला त्या दिवशी मी ड्युटीवर, तुझा बाप भगवानरावांच्या वाढीव खोल्यांच्या गिलाव्यावर, तुझी आई शेतात. घरी एकटी आजी. संध्याकाळी मी विचारलं तर म्हणाली, 'आला, चहा पेला, फोटू काढला, गेला.' आणखी खोदलं तर, 'तू काऊन पोलिसावाणी इचारून राह्यली?' माणूस कसा होता? 'चांगला होता. चप्पल काढली तं जुळवून ठेवली.' बस. आजीच्या तोंडून एवढंच निघालं, आणि ती फार खुशीत होती. त्याच वेळी मला शंका यायला हवी होती, कारण आजी इतकी खूश असली म्हणजे तिनं काहीतरी केलेलं असतं.

मग दिवाळी झाली आणि तू परत निघालीस. शेगावपर्यंत माझीच गाडी होती, तू कंडक्टरच्या मागच्या सीटवर बसली होतीस. तिकिटं संपवून मी तुझ्याजवळ टेकले आणि विचारलं, त्या संस्थेचं काही कळलं का. तू म्हणालीस, 'नाही म्हणाले ते, आत्या. आपलं घर त्यांच्या नियमात बसत नाही म्हणे.' एवढंच. मला वाटलं, पोरगी डोळ्यांतलं पाणी लपवतेय. शेगावला तुझी बॅग उतरवून दिली तेव्हा मला फार लागलं होतं. तुझ्यासमोर दाखवलं नाही, पण परतीच्या फेरीत दोन प्रवाशांवर उगाच ओरडले. घरी सांगितलं तेव्हा तुझा बाप ओट्यावर जाऊन बसला. आजी म्हणाली, 'असं कसं नाही म्हंतलं? एवढं चांगलं घर दाखोलं त्याले.' मी रागात होते, त्या शब्दांकडे माझं लक्षच गेलं नाही.

आपलं घर बसत नाही म्हणजे काय? विटांच्या भिंती, पत्र्याचं छप्पर, पावसाळ्यात तीन ठिकाणी पातेली. याहून गरीब घर त्यांना हवं असेल तर त्यांनी ते बांधूनच घ्यावं. म्हणजे कोणीतरी कान भरले. आत्याला सरकारी पगार आहे, बाप ठेकेदारी करतो, असं काहीतरी कोणीतरी त्या माणसाला वाटेत सांगितलं. गावात नवा माणूस उतरला की तो घर विचारतो, आणि घर दाखवणारा घराविषयी चार शब्द सांगतोच. मी ठरवलं की शोधून काढायचं. माझं बरं आहे, मला कोणाच्या दारात जावं लागत नाही. संशय आहे तो माणूस आज ना उद्या माझ्या गाडीत चढतोच.

पहिला संशय राजकुमारवर. माझ्या पगाराचं त्यालाच माहीत होतं. तो कागद आणि शाई आणायला शेगावला जातो. मी त्याला मशीनमधून तिकीट दिलं आणि सुट्टे मुद्दाम ठेवून घेतले, म्हणजे उतरेपर्यंत तो माझ्याकडे बघत राहील. मग विचारलं की समताच्या अर्जात तू मागाहून काही टाकलंस का. तो म्हणाला, 'म्या कायले टाकू, आत्या? म्या तं तुमचा पगार बी लिहू नोका म्हंतलं होतं.' बोलताना एकदम थांबला आणि म्हणाला, 'त्या दिवशी तं माह्यं दुकान दिवसभर गरम होतं.' याचा अर्जाशी काय संबंध, मला कळेना. तो गोंधळला आहे म्हणजे काहीतरी लपवतोय, असं मी मनात लिहून ठेवलं.

दुसरा संशय सिंधूताईवर, कारण ती आठवड्यातून दोनदा भाजी घेऊन यायला लागली होती. सिंधूताई आणि आपणहून भाजी? तिची पोरगी बारावीत आहे, उद्या तिलाही अशीच मदत लागेल, एका गल्लीत दोघींना थोडीच देतील, असा हिशेब तिनं केला असेल असं मला वाटलं. एकदा गाडीत मी तिला सहज विचारल्यासारखं करून विचारलं, पाहुणा आला त्या दिवशी तू कुठं होतीस. ती म्हणाली, 'घरीच होती. त्या दिवसापासून आमचा फ्रिज गार नाही होऊन राह्यला, बाई. हलवाले नाही पायजे होता.' आणि जीभ चावली. मी तिच्या भाजीचा डबा त्या संध्याकाळी न उघडताच परत केला.

तिसरे भगवानराव. त्यांच्याविषयी माझं मन मुळातच साफ नाही, हे तुला माहीत आहे. तुझे आजोबा दयाराम त्यांच्या शेतात उभं आयुष्य राबले, आणि मजुरी घ्यायला गेले की त्या घराच्या पायरीखाली उभे राहायचे. ओसरीवरच्या कोरीव पाठीच्या खुर्चीत भगवानरावांचे वडील बसलेले असत. मी लहानपणी बापाचा हात धरून त्या पायरीखाली उभी राहिले आहे. आता तुझा बाप त्यांच्याच घरी गिलाव्याला जातो, चहा ओसरीवर बसून पितो, तेवढं बदललं. पण तुझ्या अर्जाचं त्यांना पहिल्यापासून फार कुतूहल होतं. पोरीचं झालं का, पोरीचं झालं का, असं ते तुझ्या बापाला रोज विचारत. मी म्हटलं, आमच्या पोरीचं होऊ नये असं वाटणारा माणूसच एवढं विचारतो. ते माझ्या गाडीत बसले तेव्हा मी त्यांचं आधार कार्ड दोनदा बघितलं. ते मात्र हसून मला विचारत होते, 'जनकाबाई बसली ना हो खुर्चीवर, का हातच लावून राह्यली?' आपल्या आजीचा आणि खुर्चीचा काय संबंध? म्हातारपणी माणसाचं टाळकं फिरतं, असं समजून मी पुढं गेले.

असे तिघं झाले, आणि तिघांपैकी कोण हे ठरत नव्हतं. अशात एका सकाळी शेगावहून परतीच्या गाडीत एक तरुण चढला. चष्मा, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीवर तुझ्या त्या संस्थेचं नाव. आपल्या इकडच्या जळगावचं तिकीट मागितलं. नेमके सुट्टे दिले. मी सगळ्यांची तिकिटं संपवली, मग त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हटलं, वरवट बकालला विटांच्या घराला श्रीमंत ठरवणारे तुम्हीच ना. तो आधी बावचळला. मग मी तुझं नाव सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उजळला. भागवत त्याचं नाव, मेहकरकडचा, हिवरा आश्रमाजवळचा. 'आजीले चांगलं ओळखतो मी,' असं म्हणून त्यानं फोनमधला फोटो काढून माझ्यासमोर धरला.

समता, तो फोटो पाहून मला काय करावं सुचेना. आपली पुढची खोली, आणि मध्ये आजी. सिंधूताईची ठेवणीतली मोरपंखी साडी नेसून, भगवानरावांच्या ओसरीवरच्या त्या कोरीव खुर्चीत पार मागं टेकून बसलेली. तिच्या मागं सिंधूताईचा लाल फ्रिज. बाजूला उभा पंखा, आणि पंख्याच्या गोल जाळीवर रंगानं लिहिलेलं 'राजकुमार ऑनलाइन सेवा'. आपल्या गल्लीची रीत तुला सांगायला नको. कोणाकडे सोयरीक येवो की साहेब येवो, गल्लीतलं जे चांगलं ते त्या घरी जातं आणि पाहुणा वळणावरून दिसेनासा झाला की परत येतं. तुझ्या बापाच्या लग्नात आपण सिंधूताईच्या सासूकडून पितळी तांब्या-पेलेसुद्धा आणले होते. आजीनं तेच केलं. गरिबी बघायलाच आलेल्या माणसापुढं तिनं अख्खी गल्ली मांडली. आणि ज्यांनी कान भरले म्हणून मी गाडीत खेटत होते, ते तिघं त्या दिवशी आपल्या घरी सामान वाहत होते. भगवानरावांनी ती खुर्ची ट्रॅक्टरमधून पाठवली होती. मी हसले, मग मला रडू आलं, आणि मागून कोणीतरी घंटी मारली ती मला ऐकूच आली नाही. एक जण थांब्याच्या पुढं उतरला.

मी भागवतला म्हटलं, झालं तर मग, याच फोटोनं घात केला. तो म्हणाला, 'नाही हो ताई. फ्रिजची वायर त्याच्याच डोक्यावर गुंडाळून ठेवली होती, आणि त्या भिंतीले पिन लावाले जागाच नाही. पाणी तं आजीनं माठातलंच दिलं. हे सगळं म्या लिहिलं न वर.' मग त्यानं फोटोत भिंतीवर बोट ठेवलं. बाबासाहेबांची तसबीर आजीनं पुसण्यासाठी काढून पुन्हा लावली होती, ती थोडी वाकडी लागली होती, आणि तिच्या कडेला विटा जरा उजळ दिसत होत्या. तो म्हणाला, ही एक वस्तू रोजची आहे हे तिथंच कळलं मला. मी त्याला विचारलं, मग तुमच्या लोकांनी नाही काऊन म्हटलं? यावर तो जे बोलला ते मी थोडं पुढं सांगते. कारण त्यानं सांगितलं म्हणून मी लगेच विश्वास ठेवला, असं तुला वाटायला नको.

मी आगारात रजा टाकली, घरी जादा ड्युटी सांगितली आणि खामगावला गाडी बदलून हिवरा आश्रमाकडं गेले. स्टँडवर चहावाल्याला विचारलं, किराणा दुकानात विचारलं, भागवत कसा, घर कसं, पैसा कुठून आला. शेवटी त्याच्या घरीच जाऊन उभी राहिले. त्याची आई गीताबाई अंगणात तूर पाखडत होती. कोरडवाहू शेतीचं घर, साधं, पण स्वच्छ. मी कोण ते सांगितलं आणि आपल्या आजीच्या फ्रिजची गोष्ट सांगितली, तर ती बाई सूप खाली ठेवून हसायला लागली. म्हणाली, 'बाई, म्या तं शेजाऱ्याची म्हैस आणून बांधली होती दारात. पाहाले आलेल्या मास्तरानं इचारलं, म्हशीचं शेण कुठी आहे? माह्यं तोंड असं झालं.' तरीही भागवतला त्याच संस्थेची मदत मिळाली, तिच्यावरच तो शिकला आणि आता बँकेत आहे. मग मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला की बदल्यात काय घेतात. काहीतरी घेत असतीलच. गीताबाई म्हणाली, 'घेतेत न. वर्षाले चार-दोन घरं पाहून या लागते नव्या पोराइची. रजा आपली, गाडीभाडं आपलं. लय फिरते बिचारा.' तुला खोटं वाटेल, पण हे ऐकून मी निवांत झाले. इतके दिवस जी अट मी शोधत होते ती सापडली. परत येताना पहिल्यांदाच मी गाडीत कोणाच्याही तिकिटाकडे न बघता झोपले.

आल्यावर आधी राजकुमारचे सुट्टे परत केले. सिंधूताईच्या फ्रिजला शेगावचा मेकॅनिक आणून दाखवला. तिला मी काही सांगितलं नाही, पण डबा मागून घेतला आणि तिच्यासमोर बसून जेवले. भगवानरावांना तेवढं सांगितलं की हो, बसली होती, पार टेकून. ते म्हणाले, 'दयारामले बी बसवाले पायजे होतं आमच्या बापानं.' आजीला मात्र मी काही बोलले नाही. तिला वाटतंय की तिनं घर चांगलं दाखवलं नाही म्हणून तुझं नाव गेलं, आणि पुढल्या वेळी सोफा कोणाकडून आणायचा याचा ती विचार करतेय.

आता त्या बसमधलं राहिलेलं सांगते, आणि हे पत्र का लिहिलं तेही. भागवत मला म्हणाला, 'ताई, आम्ही तं हो म्हंतलं होतं. पयल्या यादीतच नाव होतं. तुमच्या पोरीनंच फोनवर नाही सांगतलं. आमच्या मॅडमनं कारण इचारलं तं म्हणाली, फुकटात कोनी कोनाले काही देत नाही.' माझं वाक्य, समता, मुंबईच्या बाईला नागपूरहून जसंच्या तसं. तेव्हा मला माझी दिवाळीनंतरची गाडी आठवली. आपलं घर बसत नाही म्हणे, असं तू सांगत होतीस तेव्हा तू माझ्याकडे बघत नव्हतीस, तू खिडकीबाहेर बघत होतीस. रोज शंभर जणांना पकडणारी मी, मला माझ्या शेजारी बसलेली दिसली नाही, कारण तुझ्यावर संशय घ्यायचं मला कधी शिकावंच लागलं नव्हतं. मग बाकीचंही जुळलं. मेसचं जेवण आवडत नाही म्हणून तू मेस सोडलीस म्हणे, दोडक्याची भाजी दोन्ही वेळा खाणारी तू. आणि हे वर्ष झालं की पोलीस भरतीची तयारी करते, असं तू बापाला हळूच सांगून ठेवलंयस. तू घाबरलीस, मला कळतं. अनोळखी माणसाचं खायचं आणि उद्या त्यानं काय मागितलं तर, ही भीती तुझ्यात मीच बसवली, आणि एकट्या पोरीला ती कामाला येते, म्हणून मी ती काढून टाक असंही म्हणणार नाही. पण संशय घेतला की चौकशी शेवटापर्यंत करायची असते, अर्ध्यावर उतरायचं नसतं. तुला ते शहरात एकटीनं जमलं नसतं, म्हणून तुझ्या वाटणीचं मी करून आले. माणसं खरी आहेत. बदल्यात काय द्यायचं तेही आता तुला माहीत आहे, आणि घरं बघायला तुझ्याइतकी चांगली कोण मिळणार त्यांना, तुला तर शेण नसलेली म्हैस दारातूनच ओळखता येईल. भागवतनं त्यांच्या मॅडमशी बोलून तुझी जागा या महिनाअखेरीपर्यंत धरून ठेवली आहे, त्याचा नंबर पत्राच्या मागं लिहिलाय. फोन करायचा तो तूच, मी करणार नाही आणि घरीही कोणाला सांगितलेलं नाही. फोनवर विचारलं असतं तर तू विषय बदलला असतास, पत्राला तसं करता येत नाही, म्हणून हे लिहिलं. या वेळी पेरू परत करू नकोस, बाळा. खा.

तुझीच,
धम्मशीला आत्या